थेंब गळतो कुठून? जुन्या मोटारसायकलींच्या कार्बोरेटरचा इतिहास

१८८५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील कान्स्टाट येथून एक लाकडी दुचाकी रस्त्यावर आली. गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी बांधलेली ही ‘राइटवागन’ खनिज तेलावर चालणारी पहिली मोटारसायकल मानली जाते. डाइमलर यांचा कोवळ्या वयाचा मुलगा पॉल तिच्यावर स्वार होता. त्या फेरीत त्याच्या खोगिराने पेट घेतला, असे सांगितले जाते. इंधन पेटवण्यासाठी तापवून लाल केलेली नळी नेमकी खोगिराखाली बसवलेली होती. पुढे १९०३ साली कान्स्टाटच्या कारखान्याला आग लागली आणि ती मूळ गाडीही तिच्यात जळून गेली.

मोटारसायकल आणि आग यांचे नाते असे पहिल्या फेरीपासूनचे आहे. म्हणूनच जुन्या गाडीखाली फरशीवर दिसणारा पेट्रोलचा ओला डाग हसण्यावारी नेता येत नाही. मात्र या डागाला स्वतःचा एक इतिहास आहे. एके काळी तो डाग गाडी नीट सुरू होण्याची खूण होता, आणि गाडी बांधणाऱ्यांनीच तो पाडण्याची सोय करून ठेवली होती. आज एखादी १९५० सालची गाडी दुरुस्तीला घेणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसेल, तर तो नसलेला रोग शोधत बसतो आणि असलेला रोग त्याच्या नजरेतून सुटतो.

आरंभीच्या यंत्रांत कार्बोरेटर म्हणजे इंधनाचे एक भांडे असे. त्या इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा वाहत जाई आणि जाता जाता बाष्प सोबत घेई. रस्ता खडबडीत असला की भांड्यातले इंधन हिंदकळे, थंडी पडली की बाष्प कमी होई, आणि जुने इंधन साचून राहिले की त्यातला हलका अंश उडून जाऊन मागे जडशीळ गाळ उरे. अशा यंत्राला मिश्रणाचे प्रमाण राखणे शक्यच नव्हते.

१८९० च्या दशकाच्या आगेमागे यावर जो उपाय निघाला, तोच पुढची शंभर वर्षे टिकला. इंधन एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, हवेच्या झोतात फवारायचे. याचे श्रेय कोणाचे, यावर जुना वाद आहे. मायबाख यांचा फवारा-कार्बोरेटर १८९३ चा; हंगेरीतील दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही त्याच वर्षी आपल्या कार्बोरेटरचे पेटंट मागितले; आणि इंग्लंडमधील एडवर्ड बटलर यांच्या तीनचाकीवर त्याही आधी फ्लोट असलेली रचना होती. श्रेयाचा वाद बाजूला ठेवला, तरी गळतीच्या दृष्टीने या शोधातील कळीची गोष्ट जेट नसून फ्लोट आहे.

कारण साधे आहे. जेटच्या तोंडापेक्षा पेट्रोलची पातळी किंचित खाली असली पाहिजे. इंजिनाने हवा ओढली की तिथला दाब कमी होतो आणि तेवढ्याने पेट्रोल वर चढून फवारले जाते. पातळी फार खाली गेली तर इंजिन उपाशी राहते. ती जेटच्या तोंडाच्या वर गेली, तर इंजिन बंद असतानाही पेट्रोल आपोआप वाहू लागते. हा सगळा व्यवहार काही मिलिमीटरांचा आहे.

ती पातळी राखण्याचे काम फ्लोट करतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा टाकी भरली की नळ बंद करतो, त्यातलाच हा प्रकार. पेट्रोल चढले की फ्लोट वर येतो आणि एक बारीक सुई तिच्या बैठकीत दाबून धरतो. पेट्रोल उतरले की सुई सुटते. गुरुत्वाकर्षणाने खाली येणारे टाकीतले सगळे पेट्रोल आणि गरम इंजिन यांच्यामध्ये त्या सुईच्या टोकाशिवाय दुसरे काही नसते. फरक इतकाच, की गच्चीवरची टाकी स्थिर असते. इथे तीच व्यवस्था मिनिटाला हजारो हादरे खात काम करते.

ब्रिटिश मोटारसायकलींच्या बाबतीत हा इतिहास मुख्यतः एका शहराचा आणि एका नावाचा आहे. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्बोरेटर कंपन्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस एकत्र आल्या आणि बर्मिंगहॅममध्ये ‘अमल’ उभी राहिली. हे नाव एकत्रीकरणाच्या इंग्रजी शब्दावरून आले. मराठी वाचकाला त्यात ‘निर्मळ’ असा अर्थ दिसेल, पण अमल वापरणाऱ्या स्वाराची बोटे निर्मळ कधीच राहिली नाहीत.

त्याचे कारण कार्बोरेटरच्या माथ्यावरचे एक छोटे स्प्रिंगचे बटण. इंग्रज त्याला टिकलर म्हणत, म्हणजे गुदगुल्या करणारा. थंड इंजिनाला सुरू होण्यासाठी पेट्रोलचा अंश जास्त असलेले मिश्रण लागते. स्वार ते बटण दाबी. बटणाची काडी फ्लोटला खाली बुडवी, सुई उघडी राही, पातळी जेटच्या वर चढे आणि पेट्रोल बटणाभोवतीच्या फटीतून बाहेर झिरपू लागे. बोटाला ओलावा लागला की बटण सोडायचे आणि किक मारायची. बोट ओले होणे हेच मोजमाप होते. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, रॉयल एनफिल्ड अशा बहुतेक नामांकित गाड्यांच्या मालकांची सकाळ कित्येक दशके अशीच उजाडत असे.

म्हणजे गळती ही इथे यंत्राची भाषा होती. बटण दाबल्यावर पेट्रोल आले नाही, तर टाकी रिकामी आहे किंवा कॉक बंद आहे, हे स्वाराला कळे. बटणाला हात न लावता पेट्रोल आले, तर फ्लोट किंवा सुई यांपैकी एकाने दगा दिला, हेही कळे. जुन्या गाडीची पहिली तपासणी आजही इथूनच सुरू होते. कॉक उघडावा, बटणाला स्पर्श करू नये आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. त्या अवधीत पडलेला थेंब हा बिघाड. त्यापूर्वी स्वतःच्या बोटाने पाडलेला थेंब हा बिघाड नव्हे.

आपला मेकॅनिक या बिघाडाला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतो आणि बहुधा सुई बदलतो. पुष्कळदा ते बरोबरही असते. सुईचे टोक बैठकीवर लक्षावधी वेळा आपटते आणि त्यावर एक बारीक कडे कोरले जाते. भिंगातून पाहिले तर ते स्पष्ट दिसते. नखाच्या टोकालाही जाणवते. अशी सुई बारीक पेस्टने घासून पुन्हा बसवण्याचा मोह होतो. घासल्याने गळती काही दिवस थांबते, पण सुई बैठकीत अधिक खोल जाते, फ्लोटला पूर्वीपेक्षा उंच जावे लागते आणि पातळी चढते. मग थेंब पडत नाही, पण गाडी काळा धूर टाकते आणि प्लग काजळतो. गळती बाहेरून आत शिरली, एवढेच.

जुन्या अमलमध्ये खरा कस लागतो तो धातूच्या फ्लोटशी. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या डाखाने जोडून केलेली ती पोकळ डबी. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी डाखाला केसाएवढी चीर पडते, पेट्रोल आत शिरते, फ्लोट जड होतो आणि बुडतो. कानाशी धरून हलवला तर आत खळखळ ऐकू येते. चीर नेमकी कुठे आहे, हे शोधण्याची जुन्या कारागिरांची रीत सुंदर आहे. ते फ्लोट गरम पाण्यात बुडवतात. आतल्या पेट्रोलचे बाष्प होऊन ते चिरेतून बाहेर पडू पाहते आणि पाण्यात बुडबुड्यांची माळ उठते. जिथून माळ, तिथे चीर.

पुढचे काम घाईचे नाही. आतला पेट्रोलचा शेवटचा अंश बाहेर काढल्यावाचून त्या डबीजवळ ज्योत किंवा तापलेली काडी नेणे म्हणजे हातात फटाका धरणे होय. पूर्ण कोरडी झाल्यावरच डाख द्यायचा, आणि तोही अगदी थोडा. डाखाचा जाड गोळा बसला की फ्लोटचे वजन वाढते, तो पेट्रोलमध्ये अधिक बुडून तरंगतो आणि पातळी पुन्हा वर सरकते. चीर बुजलेली असूनही गाडी गळते, आणि दुरुस्त करणारा सुईला दोष देत बसतो.

एक गळती मात्र फरशीवर दिसतच नाही आणि तीच सर्वांत घातक असते. अनेक गाड्यांचा कार्बोरेटर इंजिनाकडे किंचित उतरता बसवलेला असतो. रात्रभर कॉक उघडा राहिला आणि सुई गळकी असली, तर पेट्रोल बाहेर न पडता सिलिंडरमध्ये उतरते, रिंगांच्या कडेने खाली झिरपते आणि तेलात मिसळते. सकाळी फरशी कोरडी असते. मालक निर्धास्तपणे किक मारतो आणि पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचून राहिले असेल तर पिस्टन वर येताना अडतो, आणि त्यावर जोराची किक बसली तर कनेक्टिंग रॉडच वाकू शकतो. तेलाची काडी काढून तिचा वास घेण्याची सवय म्हणूनच जुनी माणसे सोडत नसत.

त्या काळी गाडी थांबवली की कॉक बंद करायचा, हा दंडक होता. सुईवर शंभर टक्के विश्वास ठेवू नये, हे त्या दंडकामागचे शहाणपण. पण कॉकही निर्दोष नव्हता. पुष्कळ ब्रिटिश गाड्यांच्या कॉकमध्ये बुचाच्या झाडाची साल वापरलेली असे. पेट्रोलने भिजलेले असेतोवर ते बूच फुगून घट्ट बसे. गाडी वर्षभर कोरडी उभी राहिली की ते आकसे आणि कॉक बंद असूनही गळे. गरम पाण्यात भिजवून ते पुन्हा फुगवणे हा त्यावरचा घरगुती उपाय होता.

१९५० च्या दशकाच्या मध्यास अमलने ‘मोनोब्लॉक’ आणला. तोवर फ्लोट चेंबर हे कार्बोरेटरच्या शेजारी बोल्टने टांगलेले स्वतंत्र भांडे होते. त्यामुळे एक सांधा गळायला मोकळा, आणि गाडी एका बाजूच्या स्टँडवर कलली की चेंबर आणि जेट यांची सापेक्ष उंची बदलून सुई ठीक असतानाही पेट्रोल वाहायचे. मोनोब्लॉकमध्ये चेंबर आणि देह एकाच ओतकामात आले. तो सांधा गेला, पण चेंबरच्या बाजूला झाकण आले आणि त्या झाकणाचे पॅकिंग ही गळतीची नवी जागा झाली.

१९६७ च्या सुमारास आलेल्या ‘कॉन्सेंट्रिक’ने चेंबर थेट जेटच्या खाली, त्याला वेढून बसवले. आता गाडी कलली तरी जेटपाशी पातळी फारशी ढळेना. कल्पना उत्तम होती. धातू मात्र तितका उत्तम नव्हता. जस्ताचा मिश्रधातू ओतायला स्वस्त आणि सोपा, पण पान्याचा जोर सोसत नाही. फ्लँजचे नट हौसेने आवळले की देह वाकतो, चेंबरचे स्क्रू आवळले की कडा वाकते आणि पॅकिंग कितीही नवे घातले तरी पेट्रोल पाझरतच राहते. अधिक आवळणे हा इथे उपाय नसून रोगाचे मूळ आहे. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर ती कडा हलक्या हाताने आठच्या आकड्यात फिरवत सपाट करणे, हे खरे औषध.

कॉन्सेंट्रिकमधील सुईची बैठक चेंबरच्या तळाशी दाबून बसवलेली पितळी बुशी असते. मूळ फ्लोट प्लास्टिकचा, त्यामुळे वाकवून पातळी जुळवण्याची सोय नाही. पातळी बदलायची तर चेंबर तापवून ती बुशीच किंचित वरखाली करावी लागते. हे माहीत नसल्यामुळे कित्येकांनी चांगले कार्बोरेटर भंगारात काढले असतील.

१९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० बाजारात आली. चार सिलिंडर, चार केइहिन कार्बोरेटर, बोटाने दाबायचे बटण नाही, आणि सुरू करायला विजेचा स्टार्टर. ब्रिटिश मोटारसायकल उद्योग का कोसळला याची कारणे पुष्कळ आहेत, पण स्वच्छ हातमोज्यांनी सुरू होणारी गाडी ग्राहकाने एकदा पाहिल्यावर, ओल्या बोटांचे कौतुक त्याला किती काळ राहणार होते? गंमत अशी की जपानच्या मिकुनी कंपनीने एके काळी अमलच्याच परवान्याने कार्बोरेटर बनवले होते.

हाच वंश पुढे भारतात उतरला. १९५५ पासून मद्रासमध्ये एनफिल्ड बुलेट जोडली जाऊ लागली. कालांतराने तिच्यावर मिकुनीच्या रचनेचा ‘मिककार्ब’ आला, ज्यात टिकलर नव्हता. १९६० च्या दशकारंभी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. जावावरचा चेक बनावटीचा ‘जिकोव्ह’ झाकणाआड दडलेला असे. त्यामुळे गळती डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळे.

सुटे भाग न मिळणाऱ्या त्या काळात रस्त्याकडेच्या गॅरेजांनी आपली विद्या उभी केली. टाकीला बारीक छिद्र पडले तर त्यावर अंगाच्या साबणाची वडी घासायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत छिद्र बुजलेले राही. सांध्यांना लाखेचा लेप देण्याची रीतही जुनी. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या गाड्यांवरच्या शेबलर कार्बोरेटरमध्ये बुचाच्या सालीचे फ्लोट असत, आणि पेट्रोल शोषून ते जड होऊ नयेत म्हणून त्यांना लाखेचाच मुलामा दिलेला असे. ती लाख तेव्हा मुख्यतः हिंदुस्थानातून जगभर जाई.

साबण आणि लाख या दोहोंचा एक समान गुण आहे, आणि तोच आज अडचणीचा ठरला आहे. दोन्ही पेट्रोलला दाद देत नाहीत, पण अल्कोहोलमध्ये विरघळतात.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळणे ही काही या शतकाची युक्ती नव्हे. ब्रिटनमध्ये ‘क्लीव्हलँड डिस्कॉल’ हे अल्कोहोलमिश्रित पेट्रोल १९२८ पासून चार दशके विकले जात होते. भारतात १९४८ मध्येच ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ झाला होता. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. २०२२ मध्ये देशात हे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांना यातून उत्पन्नाची नवी वाट मिळाली. ज्या शेतकऱ्याच्या उसापासून हे इथेनॉल निघते, त्याच्याच गोठ्याशेजारी वडिलांची जुनी जावा उभी असू शकते. कारखान्याचे बिल त्याला सुखावते आणि त्याच बिलामागचे इथेनॉल त्या गाडीचे वॉशर कुजवते. या दोहोंत कोणाचा दोष, हे ठरवणे सोपे नाही.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि मऊ करते. टाकीच्या तळाशी बसलेला पन्नास वर्षांचा गाळ सोडवून तो सुईच्या बैठकीपर्यंत आणून ठेवते. गाळाचा एक कण तिथे अडकला की सुई बंदच होत नाही. शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळाभर गाडी उभी राहिली आणि पाणी मर्यादेपलीकडे साचले, की पाणी आणि अल्कोहोल पेट्रोलपासून फुटून तळाशी उतरते. तळ म्हणजे नेमकी कॉकची जागा आणि फ्लोट चेंबरची खोली. चेंबर उघडल्यावर जस्ताच्या अंगावर जो पांढरा भुगा दिसतो, तो याच पाण्याचा उद्योग.

म्हणून आजच्या दुरुस्तीचा क्रम जुन्या पुस्तकांहून वेगळा ठेवावा लागतो. आधी टाकी आणि कॉक स्वच्छ करायचे, मग सुईकडे वळायचे. रबर आणि फायबरचे जुने वॉशर तपासून बसवण्यापेक्षा सरसकट बदलावेत. सुईचे टोक व्हायटनचे असेल तर इथेनॉल त्याचे फारसे बिघडवू शकत नाही. लाखेचा मुलामा दिलेला फ्लोट असेल, तर तो उतरवून इथेनॉलला टिकणारा लेप द्यावा किंवा फ्लोटच बदलावा. पातळी डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता, चेंबरच्या तळाच्या बोल्टच्या जागी पारदर्शक नळी जोडून, ती चेंबरच्या कडेशी उभी धरून प्रत्यक्ष पाहावी. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून चेंबर रिकामे करावे. हे सगळे थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत आणि बॅटरीची तार सोडवून.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे निकष लागू झाले आणि भारतातील नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा संगणकाने चालणाऱ्या इंजेक्टरने घेतली.

अमलचे कार्बोरेटर मात्र इंग्लंडमध्ये अजूनही तयार होतात. सॉल्झबरीची बर्लेन ही कंपनी ते बनवते. कॉन्सेंट्रिकसाठी आता पातळी जुळवता येणारा, इथेनॉलला टिकणारा फ्लोट मिळतो आणि व्हायटनच्या टोकाची सुई मिळते. त्याच कंपनीचा कोरा करकरीत मोनोब्लॉक विकत घेतला, तर त्याच्या फ्लोट चेंबरवर ते स्प्रिंगचे छोटे बटण जसेच्या तसे असते. ते दाबले की आजही पेट्रोल बोटावर येते.